पौष्टिक अन्न स्वस्त असतं म्हणता, मग गरीब घरात ते शिजत का नाही?

पाणपोई (धागाकर्ती)

मधुमेहावरच्या एका धाग्यात कोणीतरी लिहिलं होतं, "गरिबांना पौष्टिक परवडत नाही ही शुद्ध पळवाट आहे. कडधान्यं, पालेभाजी, अंडी याहून स्वस्त काय असतं? बिस्किटांच्या पुड्याला बरे पैसे असतात!" त्याला भराभर अनुमोदनंही मिळाली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते.

मी पोषण सल्लागार आहे आणि माझं बरंचसं काम हातावर पोट असलेल्या घरांमधलं आहे. काय खावं हे ठाऊकच नाही अशी आई मला क्वचित भेटते. भाज्या खाव्यात, साखर आणि तळकट कमी करावं, हे उलट त्याच मला ऐकवतात. तरी पिशवीत ते येत नाही. असं का, हे आहाराच्या तक्त्यांवरून कळत नाही. जेवण झाल्यावर ताटात काय उरलंय ते बघितलं की थोडं थोडं कळायला लागतं.

एका घरात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) आईने कधी न आणलेली एक हिरवी भाजी आणली. अगदी बारीक चिरून नेहमीच्या जेवणात कालवली. लहान मुलाने नखाने एकेक हिरवा कण वेचला आणि ताटाच्या कडेला ओळीत लावला. भराभर नाही, तब्येतीत. तोवर बाकीचं गार झालं, मग तेही नको झालं. आईने कडेची ओळ स्वतः खाल्ली, त्याला दुसरं ताट साधं वाढलं. रागावली नाही की काही बोललीही नाही. ती भाजी त्या घरात परत आली नाही.

तिचा हिशेब बघा. भाजीचे पैसे गेले, ती शिजवायला लागलेलं इंधन गेलं, वर मूल उपाशी झोपू नये म्हणून दुसरं काहीतरी द्यावं लागलं, म्हणजे त्याचेही पैसे. दुकानातला भाव एक आणि पोटात गेलेल्या घासाचा भाव वेगळा. ज्या घरात महिन्याच्या शेवटी काही उरतं तिथे वाया गेलेलं ताट ही फक्त कटकट असते. जिथे काही उरत नाही तिथे ते उद्याच्या जेवणातून वजा होतं.

केटलिन डॅनियल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ साली नेमकं हेच मांडलं. मुलांना नवा पदार्थ आवडायला लागेपर्यंत तो साधारण ८ ते १५ वेळा समोर यावा लागतो, असं बालआहाराचे अभ्यासक सांगतात. पैसेवाल्या घरात तेवढ्या वेळा तो निमूटपणे फेकला जातो आणि शेवटी मूल खायला लागतं. गरीब पालक पहिल्या-दुसऱ्या नकारानंतर थांबतात आणि मूल नक्की खाईल तेच आणतात. बिस्किटाचा पुडा ताटात उरत नाही, म्हणून तो त्यांच्या लेखी स्वस्त.

म्हणून माझं म्हणणं असं, की ही घरं चव किंवा आळस म्हणून नाही, खात्री बघून खरेदी करतात. खाल्लं जाईल, टिकेल, पोट भरेल याची खात्री. तुमचे अनुभव वाचायला आवडेल. विरोधातलेही लिहा.

रिकामटेकडी

+१. कडेला लावलेली ओळ माझ्याही घरी असते, फक्त ती मी निवांत फेकून देते. वाचतेय.

तिरकस

पाणपोई ताई, छान लिहिलंय, पण मी विरोधी पक्षात बसतो.

२०१९ साली हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांचा एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेत बरीच वर्षं सांगितलं जायचं की गरीब वस्त्यांजवळ चांगली दुकानं नाहीत म्हणून लोक वाईट खातात. यांनी लाखो खरेद्यांची माहिती तपासली. गरीब घरांना श्रीमंत घरांसारखीच दुकानं, तोच माल आणि तेच भाव मिळाले असं धरलं, तरी दोघांच्या आहारातली दरी जेमतेम १० टक्के कमी होते. उरलेली ९० टक्के दरी मागणीतून येते. वस्तीत नवं मोठं दुकान उघडलं तर लोक तिथे जातात आणि आधी घेत होते तेच घेतात.

मग भाव आणि अंतर यांचं रडगाणं किती गायचं? लोकांना जे हवं ते लोक घेतात. हे कटू असेल, पण त्यांना मोठी माणसं समजायचं तर हेही मान्य करायला हवं.

गणिती

तिरकसराव, अभ्यास बरोबर सांगितलात, निष्कर्षात घाई केलीत. त्या ९० टक्क्यांचं नाव 'मागणी' आहे, 'आवड' नाही. हातात पैसे किती, वेळ किती, स्वयंपाकघरात काय आहे, शिक्षण किती, मूल काय खातं, सगळं त्या एका डब्यात कोंबलेलं असतं. धागाकर्तीने सांगितलेली ताटाच्या कडेची ओळसुद्धा अर्थशास्त्रात मागणीच.

आणि ते एका श्रीमंत देशाबद्दल आहे. बाकी जगात भाव हेच उत्तर बऱ्याच अंशी पुरतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालात म्हटलंय, की नुसत्या पिष्टमय धान्यावर दिवसाची ऊर्जा भागवायला जेवढा खर्च येतो त्याच्या सुमारे पाचपट खर्च निरोगी आहाराला येतो. तो न परवडणारे लोक तेव्हा ३०० कोटींहून जास्त होते. त्याच अहवालमालेत २०२४ सालासाठी दिलेला आकडा सुमारे २६० कोटी आहे. कमी झालाय, पण जगातला तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास माणूस त्यात येतो.

दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. १८ देशांतल्या माहितीवर २०१६ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक निबंध आला. माणशी रोज दोन वेळा फळ आणि तीन वेळा भाजी, एवढंच धरलं तर गरीब देशांत त्याला घराच्या उत्पन्नातले सुमारे ५२ टक्के लागतात. श्रीमंत देशांत २ टक्केसुद्धा नाही. ५२ टक्के फक्त फळं-भाज्यांना दिले तर भाडं कशातून द्यायचं?

आता "पालेभाजी स्वस्त असते" याबद्दल. असते, किलोच्या भावात. पण पोट भरण्याच्या भावात ती किती महाग पडते याचा हिशेब कोणी मांडत नाही. १०० ग्रॅम पालेभाजीत साधारण २०-२५ उष्मांक, १०० ग्रॅम बिस्किटांत ४५०च्या आसपास. अंगमेहनत करणाऱ्याला ऊर्जा आधी लागते, जीवनसत्त्वं नंतर. तेल, साखर, मैदा यांतून सगळ्यात कमी पैशात ऊर्जा मिळते. हातात ठरावीकच पैसे असताना भुकेला माणूस तिकडेच वळणार.

निशाचर

मी अशा घरात वाढलो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर आणि प्रत्येकाला एक शेगडी. आमची पाळी आई रात्रपाळीहून आल्यानंतर. तुम्ही म्हणता कडधान्य भिजत घाला. कुठे? सामायिक जागेत भांडं ठेवलं की कोणीतरी हलवायचं, कधी भांडंच गायब. खोलीत ठेवावं तर पाय ठेवायला जागा नाही. न भिजवता शिजवायचं तर शेगडी तासभर अडते, बाकीचे दारात उभे राहून बघतात. इंधन संपलं की दुसरं येईपर्यंत चूल बंद. त्या शेवटच्या दिवसांत आई काय शिजवायची सांगू? जे एका उकळीत होतं ते. पाकिटातल्या शेवया. ती अडाणी नव्हती, तिच्या हातची भाजी अख्खी चाळ मागून न्यायची.

पौष्टिक खाण्याचे सल्ले ज्या स्वयंपाकघराला धरून दिलेले असतात तिथे चार शेगड्या, शीतकपाट, धारदार सुरी, पाण्याचा नळ आणि रिकामी संध्याकाळ असते. यातलं एकेक काढत जा आणि सल्ला पुन्हा वाचून बघा.

आणखी एक. आमच्याकडे स्वयंपाकाला बसलेला माणूस म्हणजे कामावर न गेलेला माणूस. सुकी कडधान्यं स्वस्त का, तर त्यातलं अर्धं काम विकत घेणाऱ्याच्या गळ्यात असतं. निवडा, भिजवा, शिजवा, भांडी घासा. पाकिटवाल्याने ते काम कारखान्यात करून दिलेलं असतं, त्याचे तो पैसे घेतो. आईचा वेळ फुकट आहे असं धरलं तरच पहिलं स्वस्त पडतं.

खिडकीपाशी

निशाचर, शेवटचं वाक्य आमच्या घरच्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, उत्पन्नाचा प्रश्न नसतानाही.

इंधनाबद्दल: जगात अजून २०० कोटींहून अधिक लोक लाकूडफाटा, शेण, कोळसा, रॉकेल असल्या इंधनावर स्वयंपाक करतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे "जास्त वेळ मंद आचेवर शिजवा" म्हणजे तेवढा जास्त धूर बाईच्या छातीत आणि तिच्या पाठीवरच्या बाळाच्याही.

तिरकस

निशाचर, तुमच्या आईंबद्दल आदरच आहे. पण प्रत्येक गरीब घरात पाच कुटुंबांचं स्वयंपाकघर नसतं. शेगडी आहे, वेळ आहे, तरी मुलाच्या हातात रोज रंगीत पाण्याची बाटली, हे मी डोळ्यांनी बघतो. रंगीत पाण्याने पोटही भरत नाही. तिथे गणितींचा उष्मांकांचा हिशेब लंगडा पडतो.

पाणपोई

तिरकस, हा प्रश्न रास्त आहे आणि तो उष्मांकांनी सुटत नाही, हेही खरं.

प्रिया फील्डिंग-सिंग या संशोधक बाईंनी २०१७ साली यावर लिहिलं. त्यांनी श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही प्रकारच्या घरांतल्या आई-वडिलांशी आणि किशोरवयीन मुलांशी सविस्तर बोलून घेतलं. गरीब घरात मूल दिवसभर मागत असतं आणि आई दिवसभर नाही म्हणत असते. बूट नाही, सहल नाही, फोन नाही, वेगळी खोली नाही. या सगळ्यात बाटलीभर गोड पाणी किंवा वेफर्सचं पाकीट ही एकच गोष्ट अशी, की जिला तिच्याजवळच्या सुट्ट्या पैशांत "घे" म्हणता येतं. मूल खूश होतं आणि आपण त्याला काहीतरी देऊ शकतो हे तिलाही जाणवतं. श्रीमंत आई तीच बाटली नाकारते आणि त्यातून आपण शिस्तीचे पालक आहोत असं तिला वाटतं. तिला ते नाकारणं सोपं जातं, कारण तिने सकाळपासून दहा गोष्टींना हो म्हटलेलं असतं.

मी घरांत जाते तेव्हा हे अगदी असंच दिसतं. बाटली बंद करा म्हणताना मी त्या आईकडून नक्की काय काढून घेतेय याचा विचार करावा लागतो. काही सुचवायचं तर त्याच किमतीत आणि मुलाला तेवढाच आनंद देणारं सुचवावं लागतं. असं फार थोडं सापडतं.

गणिती

पाणपोईंच्या मुद्द्याला जोड. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या दोघांनी चीनच्या हूनान प्रांतात गरीब घरांना तांदूळ स्वस्तात मिळेल अशी सवलत दिली. अपेक्षा अशी, की तांदूळ जास्त खातील, पोट जास्त भरेल. झालं उलटं. तांदळाची खरेदी घटली, कारण वाचलेल्या पैशातून लोकांनी चवीचं काहीतरी घेतलं. सवलत काढल्यावर तांदूळ पुन्हा वाढला. २००८ साली हा निबंध आला, आणि २०११ च्या पुढच्या निबंधात त्यांनी दाखवलं की सवलतीने पोषण सुधारल्याचा पुरावा मिळत नाही.

म्हणजे अगदी तळातल्या माणसालाही घासात चव हवी असते. मला यात तक्रारीचं काही दिसत नाही. आपणही जेवणाकडून तेच मागतो.

हातखर्च

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मी रोजंदारीवर आहे. पगार महिन्याने येत नाही, त्यामुळे महिन्याचं सामान भरणं हा प्रकार मला जमत नाही. मोठं पाकीट घेतलं तर किलोमागे स्वस्त पडतं हे मला कळतं, पण मोठ्या पाकिटाचे पैसे एका वेळी हातात नसतात. मी लहान पुड्या घेते आणि वर्षभरात शेजारणीपेक्षा जास्त पैसे देते.

आठवड्यात काम नसेल तेव्हा उधारीवर घ्यावं लागतं. उधारी देणारा एकच दुकानदार. तो टिकणारा माल ठेवतो, कारण ताजं त्याच्याकडे सडतं. म्हणून त्या आठवड्यात आम्ही त्याच्या फळीवर जे असतं तेच खातो. पैसे मिळाले की पहिले उधारी फेडते, तोवर भाजी आणायचं राहून जातं. जास्त पैसे हातात येतात त्या दिवशी फळं आणते आणि ती त्याच रात्री संपतात. मुलं उद्यासाठी ठेवत नाहीत. मी पण ठेवत नाही, खरं सांगायचं तर.

रिकामटेकडी

हातखर्च ताई, सांभाळून कसलं घ्यायचं, इतकं स्वच्छ इथे कोणी लिहिलं नव्हतं. लिहीत राहा.

एक विचारते, शीतकपाट असतं तर फरक पडला असता का?

हातखर्च

जुनं आहे एक. वीज तोडली होती तेव्हा त्यात कपडे ठेवले होते. आता चालू आहे पण वरचा बर्फाचा कप्पा चालत नाही. गोठवलेल्या भाज्या चांगल्या असतात असं आम्हाला एका ताईंनी सांगितलं होतं. असतील, पण त्या ठेवायला बर्फ धरणारा कप्पा लागतो ना.

खिडकीपाशी

(गोठवलेल्या भाज्या पोषणाला ताज्याच्या तोडीच्या असतात हे खरंच आहे. पण ताईंचा मुद्दा त्याहून खरा.)

डोक्यावरच्या ताणाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर वगैरेंचा निबंध आला होता. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना त्यांनी कोडी सोडवायला दिली, एकदा ऊस जाण्यापूर्वी म्हणजे पैशांची चणचण असताना, आणि एकदा पैसे हातात आल्यावर. माणूस तोच, पण चणचणीत उत्तरं कमी बरोबर. पैशाची विवंचना डोक्यातली जागा खाते. मग घरी आल्यावर "आज काय नवीन शिजवू" याला जागा कुठून उरणार?

गणिती

या अभ्यासावर फार भार टाकू नये असं माझं मत. २०१६ साली कार्व्हालो, मायर आणि वँग यांनी अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर गरीब लोकांच्या अशाच चाचण्या घेतल्या, त्यांना फरक दिसला नाही. शिवाय हातखर्च ताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचा. उधारी, पुड्या, कप्पा, सगळं चोख हिशेबात आहे. त्यांचं डोकं थकलेलं असेल, चुकलेलं नाही. गरीब माणूस विचार करू शकत नाही म्हणून वाईट खातो, या वळणावर चर्चा गेली तर पुन्हा सल्ले देणाऱ्यांचं फावेल.

निशाचर

गणिती, हजार अनुमोदनं.

तिरकस

बरं, कारणमीमांसा भरपूर झाली. माझं मत फार हललेलं नाही, पण मुद्द्याचं बोलू: करायचं काय? मेक्सिकोने २०१४ च्या सुरुवातीला साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षात त्या पेयांची खरेदी अंदाजापेक्षा सुमारे ६ टक्के कमी झाली, आणि सगळ्यात जास्त घट गरीब घरांत झाली. घरोघरी जाऊन समजावणीच्या कार्यक्रमांपेक्षा हे सरळ.

पाणपोई

कराला माझा विरोध नाही. फक्त बाटलीच्या जागी स्वच्छ पाण्याचा नळ आहे का, हे आधी बघावं. जिथे नळाचं पाणी पिता येत नाही तिथे बाटलीबंद गोड पेय हे पुष्कळदा घरातलं सगळ्यात भरवशाचं पेय असतं.

त्याच मेक्सिकोचं दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. १९९७ मध्ये तिथे 'प्रोग्रेसा' योजना सुरू झाली. मुलं शाळेत जातील आणि घरातले लोक दवाखान्यात तपासणीला येतील, या अटीवर थेट आईच्या हातात ठरावीक काळाने पैसे. या घरांत जेवण नुसतं वाढलं नाही, त्यात भाज्या आणि प्राणिज पदार्थांचा वाटा वाढला. आरोग्याची सत्रं होती, त्यांचाही उपयोग झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. माहिती उपयोगी पडते, पण ती वापरायला हातात पैसे असले तर.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०११-१२ मध्ये एक प्रयोग झाला. अन्नसाहाय्य घेणाऱ्यांनी फळं-भाज्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट त्यांच्या कार्डावर परत. त्यांचं फळं-भाज्यांचं खाणं इतरांच्या मानाने सुमारे २६ टक्के वाढलं. कोणी भाषण दिलं नाही. मला वाटतं ती ३० सेंटची परतफेड म्हणजे ताटात उरलेल्या ओळीचा विमाच.

आणि शाळेतलं जेवण. मी पैसे टाकायला एकच जागा निवडायची म्हटली तर तीच. नवा पदार्थ मुलासमोर पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि तो वाया जाण्याचा खर्च आईच्या अंगावर पडायला नको. शाळेत दोन्ही होतं. शेजारचं मूल खातंय हे बघून आपलंही उचलतं, ते वेगळंच.

तिरकस

शाळेच्या जेवणाला माझंही मत. पण त्यात आठवड्यातले दोन दिवस सुट्टी आणि वर्षातली लांब सुट्टी राहतेच, ते धरून बोला.

पाणपोई

धरलंय. लांब सुट्टीत वजनं घसरलेली मुलं मी दर वर्षी बघते.

हातखर्च

मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, माझा साधा प्रश्न आहे. मी कडधान्य रात्री भिजवून ठेवते तरी कधी कधी शिजतच नाही. तासभर आच जाते आणि दाणा टणक. मग मुलं खात नाहीत आणि मी पुढचे कितीतरी दिवस आणत नाही. माझं काय चुकतं?

आजी नंबर दोन

बाळे, तुझं काही चुकत नाही, दाणा जुना असणार. उष्ण आणि दमट जागेत बरेच महिने पडून राहिलेलं कडधान्य कडक होतं, मग कितीही भिजवा. उधारीच्या दुकानात माल हळू खपतो म्हणालीस, तिथेच गोम आहे. एकदम जास्त घेऊ नकोस, आधी मूठभर नेऊन शिजवून बघ. शिजलं तर त्याच पोत्यातलं आणखी घे.

भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाक, सालं लवकर मऊ होतात. टोमॅटो, लिंबू, कुठलंही आंबट दाणा शिजेपर्यंत घालू नकोस, त्याने तो आकसून बसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर लवकर शिजतं, पण त्याने एक ब-जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून अगदी अडलं तरच. आणि आच वाचवायची तर चांगली उकळी काढून घट्ट झाकण लाव, शेगडीवरून उतरव आणि भांडं जाड पांघरुणात गुंडाळून ठेव. आतल्या उष्णतेवर बराच दाणा शिजतो. मध्येच एकदा पुन्हा उकळी काढायची.

गणिती

आजींच्या पांघरुणाला एक पुस्ती. घेवड्याच्या जातीचे मोठे लाल दाणे असतील तर भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात आधी निदान १० मिनिटं खळखळ उकळा, मगच गुंडाळा. त्यात एक विषारी घटक असतो, तो नुसत्या कोमट आचेवर जात नाही आणि पोट बिघडतं. मूग-मसूर असल्या बारीक दाण्यांना ही भीती नाही, आणि ते शिजतातही लवकर.

हातखर्च

मसूर त्याच्याकडे असते. उद्या मूठभर घेऊन बघते. आजी, सोडा किती म्हणालात?

आजी नंबर दोन

मसुरीला सोडा नकोच.